एकोणसाठ अ‍ॅप आणि न दिसलेला आदेश
परदेशी मालकीच्या समाजमाध्यमांवरील बंदी : एक प्रकरण अभ्यास

२९ जून २०२० च्या संध्याकाळी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एक प्रसिद्धीपत्रक काढले. त्यात ५९ अ‍ॅपची यादी होती आणि माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधल्या कलम ६९-अ चा आधार दिलेला होता. देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांना ही अ‍ॅप बाधक आहेत, एवढेच कारण. यादीत पहिले नाव टिकटॉक या चिनी मालकीच्या, छोट्या व्हिडिओंच्या अ‍ॅपचे. गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीत २० भारतीय जवान हुतात्मा झाले त्याला तेव्हा दोन आठवडे झाले होते. पत्रकात गलवानचा उल्लेख नव्हता, चीनचाही नव्हता. वाचणाऱ्या प्रत्येकाला तो आपोआप दिसला, ही गोष्ट वेगळी.

टिकटॉकचे भारतात त्या वेळी सुमारे २० कोटी वापरकर्ते होते. चीनबाहेर एवढी मोठी बाजारपेठ त्या कंपनीला दुसरी नव्हती. लोकशाही देशाने इतके मोठे समाजमाध्यम एका रात्रीत बंद करण्याचेही हे पहिलेच उदाहरण. परदेशी मालकीच्या अ‍ॅपवर सरकारने बंदी घालावी का, हा प्रश्न जगात कुठेही निघाला की दाखला म्हणून भारताचे नाव येते, आणि बहुतेक वेळा ‘भारताने करून दाखवले’ अशा सुरात. नेमके काय करून दाखवले, हे तपासायला हवे.

आधीची तालीम

टिकटॉक भारतात बंद होण्याची ही पहिली वेळ नव्हती. ३ एप्रिल २०१९ रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने अश्लील मजकूर आणि मुलांची सुरक्षितता या मुद्द्यांवर अंतरिम आदेश देऊन डाउनलोड थांबवायला सांगितले. गूगल आणि अ‍ॅपलने अ‍ॅप आपापल्या दुकानातून उतरवले. बाइटडान्स ही मूळ कंपनी न्यायालयात गेली, रोज ५ लाख डॉलरपर्यंत नुकसान होत असल्याचे तिने सांगितले, मजकूर गाळण्याची यंत्रणा समजावली आणि २४ एप्रिलला बंदी उठली.

पुढचे सारे समजायला हा छोटा प्रसंग उपयोगी आहे. आरोप नेमका होता, त्यामुळे त्याला उत्तर देता आले. आदेश सर्वांसमोर होता, म्हणून त्याविरुद्ध दादही मागता आली. २०२० मध्ये या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

कायद्याची वाट

कलम ६९-अ खाली इंटरनेटवरची माहिती रोखायची असेल तर २००९ च्या नियमांनुसार जावे लागते. नेहमीची वाट अशी : एखाद्या खात्याने या कामासाठी नेमलेल्या (नोडल) अधिकाऱ्याकडून विनंती येते, मंत्रालयातला नियुक्त अधिकारी ती समितीपुढे ठेवतो. समितीत विधी व न्याय, गृह, माहिती व प्रसारण या मंत्रालयांचे सहसचिव दर्जाच्या खाली नसलेले प्रतिनिधी आणि सर्ट-इन ही संगणक सुरक्षेची यंत्रणा असते. संबंधित व्यक्तीला किंवा मध्यस्थ कंपनीला नोटीस देऊन बाजू मांडायला किमान ४८ तास द्यावे लागतात. त्यानंतर समिती शिफारस करते आणि सचिव मंजुरी देतात.

आणीबाणीची वाट नियम ९ मध्ये आहे. सुनावणी न घेता, कारणे लेखी नोंदवून सचिव अंतरिम आदेश देऊ शकतात, मात्र ४८ तासांच्या आत प्रकरण त्याच समितीपुढे न्यावे लागते. समितीला ते पटले नाही तर आदेश मागे. २९ जूनला ही दुसरी वाट धरली गेली. मग कंपन्यांना लांबलचक प्रश्नावली गेली : माहिती कुठे साठवता, कुणाला देता, मजकूर कुणाच्या सांगण्यावरून दडपता. उत्तरे आली, ती समाधानकारक नसल्याचे ठरले आणि जानेवारी २०२१ मध्ये बंदी कायम झाल्याचे कंपन्यांना कळवण्यात आले.

सगळ्यात मोठी अडचण नियम १६ ची. त्यानुसार विनंती, तक्रार आणि कारवाई यांबद्दल कडक गुप्तता पाळायची असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात कलम ६९-अ वैध ठरवले, पण ते ठरवताना ज्या तजविजींचा आधार घेतला त्यांत ‘कारणे लेखी असतात, म्हणून रिट याचिकेत आव्हान देता येते’ ही एक होती. जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात इंटरनेट बंद करण्याचे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत असे सांगितले गेले. तरी ५९ अ‍ॅपच्या बाबतीत लोकांसमोर आले ते प्रसिद्धीपत्रकच. ते आदेशाची बातमी देते, आदेशाची जागा घेऊ शकत नाही. टिकटॉकने न्यायालयात जायचा विचार नसल्याचे त्याच आठवड्यात जाहीर केले, त्यामुळे कारणे न्यायालयातून बाहेर यायची शक्यताही मावळली.

बंदी प्रत्यक्षात कशी बसते

पहिला थर अ‍ॅपच्या दुकानांचा. गूगल आणि अ‍ॅपलच्या भारतीय दुकानातून नाव गेले की नवे डाउनलोड थांबते, पण ज्यांच्या फोनमध्ये अ‍ॅप आहे त्यांचे चालूच राहते. म्हणून दुसरा थर इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांचा. त्या डोमेनचे नाव विचारणाऱ्या विनंतीला उत्तर देत नाहीत, किंवा सुरक्षित जोडणी सुरू होताना उघडपणे जाणारे सर्व्हरचे नाव पाहून जोडणी तोडतात. नुसता आयपी पत्ता (सर्व्हरचा इंटरनेटवरचा क्रमांक) अडवणे धोक्याचे असते. मोठ्या अ‍ॅपचे व्हिडिओ सामायिक वितरण जाळ्यांवरून येतात, आणि एक पत्ता अडवला की त्याच्यावर बसलेली भलतीच संकेतस्थळे सोबत पडतात.

तिसरा थर कंपनीचा स्वतःचा, आणि खरी मात्रा इथेच लागू पडते. टिकटॉकने भारतीय वापरकर्त्यांसाठी सेवा आपणहून बंद केली. अशी अ‍ॅप वापरकर्ता कुठला हे आयपी पत्त्याखेरीज सिमकार्डातल्या देशसंकेतावरूनही ओळखतात. भारताचे संकेत ४०४ आणि ४०५. अँड्रॉइडवर हा संकेत वाचायला वेगळी परवानगी लागत नाही. त्यामुळे व्हीपीएन (दुसऱ्या देशातून जोडल्याचे भासवणारी सोय) लावूनही अनेकांचा पडदा कोराच राहिला. कंपनीने साथ दिली नसती तर बंदी बरीच गळकी निघाली असती. ज्या मालकावर विश्वास नाही म्हणून बंदी घातली, त्याच्याच आज्ञाधारकपणावर ती टिकली. हा विरोधाभास सहसा कुणी बोलून दाखवत नाही.

गळती झाली ती कडेने. जुलैच्या अखेरीस टिकटॉक लाइट, हेलो लाइट अशा ४७ उपआवृत्त्या बंद कराव्या लागल्या, कारण पहिल्या यादीत नावे नेमकी होती आणि जुळ्या भावंडांचा विचार केलेला नव्हता. ‘टिकटॉक प्रो’ नावाची बनावट फाइल संदेशांतून फिरू लागली. ती बसवणाऱ्याला टिकटॉक मिळत नव्हते, फोनच्या परवानग्या मात्र चोराच्या हाती जात होत्या. कुठलीही मोठी बंदी आली की पहिल्या पंधरवड्यात हे होणारच. आदेशासोबत लोकांसाठी दोन ओळींची सूचना काढली तर हे बरेच टळते.

धोका नेमका कोणता?

‘परदेशी अ‍ॅप धोकादायक’ या एका वाक्यात तीन निरनिराळे धोके कोंबलेले असतात.

पहिला माहितीचा. चीनच्या २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्याचे कलम ७ तिथल्या संस्थांवर आणि नागरिकांवर गुप्तचर कामात मदत करण्याचे बंधन घालते. भारतीयांची माहिती सिंगापूरमध्ये आहे आणि चीन सरकारने ती कधी मागितलेली नाही, हा टिकटॉकचा खुलासा. पण सर्व्हर कुठे आहे यापेक्षा त्याची किल्ली कुणाकडे, हे महत्त्वाचे असते. डिसेंबर २०२२ मध्ये बाइटडान्सने स्वतःच कबूल केले की तिच्या कर्मचाऱ्यांनी बातम्या फुटण्याचा माग काढण्यासाठी पत्रकारांची माहिती पाहिली होती. म्हणजे भीती हवेतली नव्हती, फक्त पुरावा भारताच्या आदेशानंतर अडीच वर्षांनी आला आणि तोही दुसऱ्या देशातून.

दुसरा धोका शिफारशीचा, म्हणजे कुणाला काय दिसावे हे ठरवणाऱ्या अल्गोरिदमचा. सिद्ध करायला हा सर्वांत अवघड, कारण बाहेरच्याला फक्त निकाल दिसतो, हेतू दिसत नाही. चीनला याचे मोल नेमके माहीत होते : ऑगस्ट २०२० मध्ये त्याने व्यक्तिगत शिफारशीचे तंत्रज्ञान निर्यात-नियंत्रणाच्या यादीत टाकले. त्यानंतर टिकटॉक कुणाला विकायचे म्हटले तरी अल्गोरिदम सोबत द्यायचा की नाही हा प्रश्न बीजिंगच्या परवानगीचा झाला.

तिसरा धोका उपकरणाचा. अ‍ॅप फोनमध्ये काय वाचते आणि उद्याच्या अपडेटमधून काय वाचू शकेल. योगायोग असा की २०२० च्या जूनमध्येच आयफोनच्या नव्या प्रणालीच्या चाचणी आवृत्तीने टिकटॉक टंकन चालू असताना पुन्हापुन्हा क्लिपबोर्ड (कॉपी केलेला मजकूर तात्पुरता राहतो ती जागा) वाचते हे उघड केले. स्पॅम रोखण्यासाठीची सोय आहे असे सांगून कंपनीने ती काढली. आठवडाभरात अमेरिकी लिंक्डइनचे अ‍ॅपही तेच करताना सापडले.

आता यादी या तीन चाळण्यांतून घालून पाहा. यूसी ब्राउझरवर ठोस आक्षेप होते : टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने २०१५ मध्येच तो उपकरणाचे क्रमांक, ठिकाण आणि शोधशब्द असुरक्षितपणे पाठवतो हे दाखवले होते. कॅमस्कॅनरच्या अँड्रॉइड आवृत्तीतल्या जाहिरातीच्या घटकात २०१९ मध्ये कॅस्परस्की या संगणक सुरक्षा कंपनीला घातक कोड सापडला होता. पण याच यादीत शेइन हे कपड्यांचे दुकान आहे, क्लॅश ऑफ किंग्ज हा खेळ आहे, इंटरनेटशिवाय एका फोनवरून दुसऱ्यावर फाइल पाठवणारे शेअरइट आणि झेंडर आहेत. या सगळ्यांचा धोका एकच असूच शकत नाही. त्यांना जोडणारा धागा मालकाच्या पत्त्याचा, म्हणजे चीनचा. आणि एकदा पत्ता हाच निकष झाला की आरोपाला उत्तर देणे कंपनीच्या हाती उरत नाही, पत्ता बदलणे एवढेच उरते.

लष्कराने काय केले हे इथे बोलके आहे. जुलै २०२० मध्ये जवानांना फोनवरून काढायला सांगितलेल्या ८९ अ‍ॅपमध्ये टिकटॉक होते, तसेच फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होते. ज्यांना हेरगिरीची चिंता रोजची आहे त्यांनी मालकाचा देश पाहिला नाही, जवानाच्या खिशातून काय बाहेर जाते ते पाहिले. याच्या उलट चूकही नोंदलेली आहे : २०१७ च्या अखेरीस सैन्यासाठी निघालेल्या ‘चिनी’ अ‍ॅपच्या ४२ नावांत ट्रूकॉलर होते, आणि आपण स्वीडनचे आहोत हे त्या कंपनीला सांगावे लागले.

रिकाम्या जागेत कोण आले

८ जुलै २०२० ला, बंदीच्या नवव्या दिवशी, इन्स्टाग्रामने भारतात रील्सची चाचणी सुरू केली. सप्टेंबरच्या मध्यावर यूट्यूबने शॉर्ट्स आणले, तेही आधी भारतात. देशी अ‍ॅपही सरसावली : मोज, जोश, एमएक्स टकाटक, रोपोसो, चिंगारी. बंदीच्या आधीपासून ‘स्वदेशी पर्याय’ म्हणून गाजत असलेल्या मित्रॉनचा मूळ कोड पाकिस्तानातल्या कंपनीकडून विकत घेतलेला असल्याची बातमी आली तेव्हा मालकीच्या शुद्धतेची चर्चा थोडा वेळ थंडावली होती. मोज काढणाऱ्या शेअरचॅटमध्ये शाओमी आणि शुनवेई या चिनी गुंतवणूकदारांचे पैसे आधीपासून होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये एमएक्स टकाटक शेअरचॅटने घेतले.

शेवटी प्रेक्षक गेले ते मुख्यतः मेटा (इन्स्टाग्रामची मालक) आणि गूगल (यूट्यूबची मालक) यांच्याकडे. कारण सोपे आहे. छोटा व्हिडिओ बनवायची साधने वर्षभरात उभी करता येतात. शिफारस अचूक व्हायला मात्र अफाट प्रेक्षकसंख्या लागते, आणि जाहिरातदार प्रेक्षकांमागे जातो. ज्यांच्याकडे हे दोन्ही आधीच होते त्यांना बंदीने नऊ दिवसांत बाजार आंदण दिला. परदेशी मालकी हाच मुद्दा असता तर तो सुटला नाही, एका परदेशातून दुसऱ्यात गेला. मुद्दा शत्रुराष्ट्राच्या हातातल्या मालकीचा होता असे म्हटले तर बंदी सफल झाली, आणि हे म्हणणे लंगडे नाही. फक्त मग तो निकष कायद्यात लिहायला हवा होता.

आशय बनवणाऱ्यांचे नुकसान वेगळ्या जातीचे. लहान गावांतून, बोलीभाषेत, एका फोनवर काम करणाऱ्यांचे लाखोंचे अनुयायी एका रात्रीत शून्य झाले, कारण अनुयायांची यादी एका माध्यमातून दुसऱ्यात नेता येत नाही. इन्स्टाग्रामवर नव्याने उभे राहणे शहरी, आधीच ओळख असलेल्या चेहऱ्यांना सोपे गेले. आपले व्हिडिओ उतरवून घ्यायला ३० दिवसांची मुदत दिली असती तर सुरक्षेचे काय बिघडले असते, याचे पटणारे उत्तर देता येत नाही.

जे फोनमधून गेले, पण सर्व्हरवर राहिले

२० कोटी लोकांची २९ जूनपर्यंत गोळा झालेली माहिती तिथेच राहिली. मार्च २०२३ मध्ये फोर्ब्सने बातमी दिली की भारतीय वापरकर्त्यांची जुनी माहिती बाइटडान्सच्या कर्मचाऱ्यांना अजूनही पाहता येते. धोका माहितीचा असेल तर बंदी फक्त नळ बंद करते, भरलेली टाकी तशीच. टाकी रिकामी करून घ्यायला माहिती पुसण्याचा आदेश, तपासणीचा अधिकार आणि न पुसल्यास दंड देणारा कायदा लागतो. २०२० मध्ये भारतात तो नव्हता. २०१९ चे माहिती संरक्षण विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे होते, ऑगस्ट २०२२ मध्ये ते मागे घेतले गेले. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, तेही मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत देऊन.

या कायद्याचे कलम १६ सरकारला ठरावीक देशांत माहिती पाठवण्यावर निर्बंध घालू देते. कलम ३७ तर थेट सेवा रोखण्याचे आहे, पण त्याला पायऱ्या आहेत : कंपनीला दोन किंवा अधिक वेळा दंड झालेला हवा, माहिती संरक्षण मंडळाने तसे कळवलेले हवे, आणि कंपनीला बाजू मांडू दिलेली हवी. मोठ्या चुकीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. सरकारी यंत्रणांना दिलेली सूट फार सैल आहे, हा आक्षेप रास्तच. तरी या चौकटीत देशी आणि परदेशी दोघांना एकच पट्टी लागते, आणि टिकटॉकच्या वेळी हवे होते ते हत्यार साधारण असेच.

पत्ता बदलला की काय होते

२ सप्टेंबर २०२० ला आणखी ११८ अ‍ॅप गेली, त्यांत पबजी मोबाइल. खेळ दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीचा, भारतातले प्रकाशन चीनच्या टेन्सेंटकडे. क्राफ्टनने टेन्सेंटला बाजूला केले आणि जुलै २०२१ मध्ये बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या नावाने खेळ परत आणला. जुलै २०२२ मध्ये तोही दुकानांतून उतरवला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. शेइन २०२५ च्या फेब्रुवारीत रिलायन्स रिटेलशी करार करून परतले. म्हणजे दार बंद नव्हते, पण आत यायच्या अटींचा फलक कुठे लावलेला नव्हता. ज्याला ताकदीचा देशी भागीदार मिळाला तो आत आला.

अमेरिकेने तो फलक लावला. २४ एप्रिल २०२४ ला सही झालेल्या कायद्यात देशांची नावे आहेत (चीन, रशिया, इराण, उत्तर कोरिया), मालकीची रेघ २० टक्क्यांवर आहे, विकायला २७० दिवस आहेत, आणि मोडल्यास अ‍ॅपच्या दुकानांना प्रत्येक वापरकर्त्यामागे ५,००० डॉलरपर्यंत दंड. कंपनी न्यायालयात गेली, युक्तिवाद झाले आणि १७ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने कायदा एकमताने वैध ठरवला, मुख्यतः माहिती गोळा होण्याच्या मुद्द्यावर. मग नव्या अध्यक्षांनी मुदतीमागून मुदत दिली. कायदा स्वच्छ होता, अंमल राजकीय सोयीचा निघाला. फरक एवढाच की सरकार स्वतःच्या कायद्यापासून किती दूर गेले, हे अमेरिकी नागरिकाला तारखेनिशी मोजता आले.

आदेशात काय असायला हवे होते

गलवाननंतरच्या आठवड्यांत नियम ९ खाली तात्पुरता आदेश देणे चूक नव्हते. सीमेवर तणाव असताना विरोधी देशाच्या कायद्याला बांधील कंपनीच्या हाती २० कोटी लोकांची माहिती आणि त्यांच्या डोळ्यांपुढचा पडदा ठेवायचा का, याचा निर्णय सुनावणीची वाट पाहू शकत नाही. चूक पुढे झाली. तात्पुरत्याचे कायम होताना प्रत्येक अ‍ॅपसाठी स्वतंत्र कारण द्यायला हवे होते, आणि गुप्तवार्तेचा भाग झाकून का होईना, बाकीचे प्रसिद्ध व्हायला हवे होते. शेअरइटचे कारण आणि टिकटॉकचे कारण एका वाक्यात मावत नाही. मालकी बदलली, माहितीची किल्ली देशात आली, कोडची स्वतंत्र तपासणी झाली, तर बंदी कधी उठेल हेही लिहायला हवे होते. जुनी माहिती पुसल्याचे प्रमाणपत्र मागायला हवे होते. नियम १४ प्रमाणे पुनर्विलोकन समितीने दर दोन महिन्यांनी बसायचे असते. तिने या आदेशांबद्दल काय ठरवले ते लोकांना दिसलेले नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये टिकटॉकचे संकेतस्थळ भारतात काही जणांना अचानक उघडू लागले. अ‍ॅप दुकानांत नव्हते, आत शिरता येत नव्हते, मुखपृष्ठ तेवढे दिसत होते. बंदी उठली का, यावर दिवसभर चर्चा चालली. बंदी उठवणारा कुठलाही आदेश काढलेला नाही, हे सरकारी सूत्रांनी सांगितले तेव्हा ती थांबली. मूळ आदेशच लोकांनी पाहिलेला नसल्याने पडताळायला सूत्रांखेरीज काही नव्हते.